फुलीतला केस

मंगळवार, ४ तारीख

काका,

२८ तारखेच्या पत्रात मी एक चूक केली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की मास्तरांची दुर्बीण आपल्या दुकानातून विकली गेली तेव्हा तू दुकानात होतास. नव्हतास. बिल आज पुन्हा पाहिलं. बिलबुकावर छापलेलं साल जुनं आहे आणि त्यावर शाईनं नवं साल घातलेलं आहे. मी छापील वाचलं. खरं साल धरलं तर तुला दुकान सोडून दोन वर्षं झाली होती. म्हणजे ‘ही दुर्बीण तुम्ही उघडून आत नेमाच्या फुलीत तारेऐवजी केस बसवला होता का, याचा लेखी खुलासा करावा’ असं तुला लिहायचा मला काही अधिकार नव्हता. ते वाक्य मी मागे घेते.

दुसरी चूक ‘तुम्ही’ची. तू मला कधी अहो-जाहो करू दिलं नाहीस. तेरा वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं म्हणून मी दुकानाचं लेटरहेड घेतलं, आणि मग हात आपोआप तसाच चालला.

ते पत्र घाईत होतं, म्हणून नीट सांगते. दुकानात आता मूल्यांकनाच्या कागदावर सही माझी असते. बाबांची बोटं आखडलीत, बारीक स्क्रू धरवत नाही. जुन्या दुर्बिणी कमी येतात, पण येतात त्या मी पाहते. छऱ्याच्या बंदुकीवरची जुनी दुर्बीण ओळखणारं या शहरात आता दुसरं कुणी उरलेलं नाही, असं मास्तर म्हणतात. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. मला त्याची धास्तीच वाटते.

मास्तर तेच, नेमबाजी क्लबचे. शिकवणं सुटलं, अध्यक्षाची खुर्ची सुटलेली नाही. डोळ्यांनी दगा दिल्यामुळे त्यांनी स्वतःची दुर्बीण क्लबच्या वार्षिक लिलावात ठेवायचं ठरवलं आणि कागदासाठी माझ्याकडे आणली. नळी पाऊण इंची, पोलादी, एकसंध. अक्षरं ठोकलेली, कोरलेली नाहीत. टॉर्च मारल्यावर पुढच्या भिंगामागे दुसरं कडं दिसलं. छऱ्याच्या बंदुकीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, तो सोसायला भिंग दोन्हीकडून आवळलेलं असतं. भिंतीवरच्या कागदावर पंचवीस पावलांवरून नेम धरला, डोळा डावी-उजवीकडे सरकवून पाहिला, फुली जागची हलली नाही. म्हणजे जवळच्या नेमासाठीच बनवलेली, मोठ्या बंदुकीची काढून इकडे बसवलेली नव्हे. स्क्रूच्या खाचा कोऱ्या. हे सगळं मी तुझ्याकडूनच शिकले, तुला काय सांगायचं.

मी कागदावर लिहिलं, ‘मूळ स्थितीत. न उघडलेली. फुली मूळ तारेची.’ पहिल्या दोन गोष्टी मी तपासल्या. तिसरी तपासायची तर दुर्बीण उघडावी लागते, आणि उघडली की दुसरी गोष्ट खोटी होते. बाबा अशा वेळी म्हणतात, दुसरं खरं असेल तर तिसरं आपोआपच खरं. मी मान डोलावली आणि सही केली.

पंधरा दिवसांनी हवा दमट झाली आणि मास्तर दारात उभे. “वकिलीणबाई,” (मी प्रत्येक कागदावर अटी घालते म्हणून हे नाव) “तुझ्या फुलीनं मान टाकलीय. तार कधी मान टाकते का गं?”

टाकत नाही. घड्याळजीचं भिंग लावून पाहिलं. आडवी रेघ मधोमध लोंबत होती, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी. केसच.

लिलावाच्या यादीत माझा कागद छापून गेला आहे. न उघडलेल्या दुर्बिणीला चार-पाच पट भाव येतो, तो त्या तीन वाक्यांवरच. कागद मागे घेतला तर पहिला प्रश्न येईल, केस कुणी लावला? आणि क्लबात या प्रश्नाचं उत्तर तेरा वर्षांपासून तयार आहे. ते तू आहेस. ते उत्तर माझ्याच तोंडून गेलं होतं.

उत्तर आलंच पाहिजे असं नाही. सोबत तिकीट लावलेला लिफाफा आहे, पण त्याचा आग्रह समजू नकोस.

चिमटी


बुधवार, १२ तारीख

काका,

तुझं कार्ड काल मिळालं. लिफाफा न वापरता कार्डच पाठवलंस. तीन शब्द: ‘ओला की कोरडा?’ आईनं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “तेरा वर्षांनी लिहिलं, तेही कपडे धुतल्यासारखं.”

मला मात्र कळलं. तुझं टेबल खिडकीशी होतं, त्यावर काळ्या फडक्यावर बशी. माझ्या कानामागचा एक केस कापून तू बशीत सोडायचास आणि म्हणायचास, “चिमटे, आधी त्याला पाणी पाजायचं. केस पाणी प्यायला की लांब होतो. लांब असतानाच ताणून चिकटवायचा. मग वाळताना तो स्वतःच स्वतःला आवळतो. पुन्हा कितीही दमट होऊ दे, याच्या पुढे तो सैल पडणार नाही.” दोन्ही टोकांना दोन बारीक खिळे लोंबायचे, वजनाला. लाखेचा थेंब टाकताना मी श्वास धरायचे. बक्षीस लिमलेटचं: एका केसाला एक गोळी. आणि टोपणाच्या आत सुईनं दोन टिंबं, म्हणजे पुढच्या माणसाला कळावं की ही उघडलेली आहे.

रविवारी बाबा बाहेर गेले होते, तेव्हा मी तीन दुर्बिणी टेबलावर घेतल्या.

पहिली मास्तरांची. डोळ्याकडचं कडं सोडवलं, फुलीची चकती काढली. म्हणजे ती आता खरोखरच उघडलेली आहे, आणि उघडणारी मी आहे, हे कुठंतरी नोंदलेलं असावं म्हणून इथे लिहिते. चकती ओल्या टिपकागदावर पालथ्या बशीखाली ठेवली. पाव तासानं पाहिलं तर केस लोंबत होता. दिव्याच्या उबेला धरली, केस सरळ झाला. पुन्हा ओल, पुन्हा लोंबला. कोरडा लावलेला आहे.

दुसरी माझी. माझ्या नवव्या वर्षी तू माझ्या बंदुकीसाठी दुरुस्त करून दिलीस ती, दोन टिंबांची. तीही पाव तास. मग अर्धा तास. मग मी जेवून आले. केस तारेसारखा ताठ.

तिसरी तुला माहीत आहे. बाबांनी ती फेकली नाही. सगळ्यात खालच्या खणात मेणकापडात गुंडाळून ठेवली आहे. ज्या दुर्बिणीमुळे तू गेलास, ती.

त्या दिवसाचं मला आठवतं तसं लिहिते, चुकलं तर खूण कर. गिऱ्हाईक क्लबात तक्रार घेऊन आलं होतं की न उघडलेली म्हणून घेतली आणि आत केस निघाला. सगळी समिती बसलेली, मास्तर मधे. बाबांनी मला टेबलाशेजारी उभं केलं. मी अकराची. बाबा म्हणाले, “सांग बाळ, तुझे केस कोण कापून घेतं?” मी म्हटलं, “काका.” आणि वर म्हटलं, “एका केसाला एक गोळी.” सगळे हसले. तूही हसलास. मग मास्तर हसायचे थांबले. तू म्हणालास, “माझ्या कामावर दोन टिंबं असतात, यावर नाहीत.” कुणीतरी म्हणालं, लपवायचं असेल तर टिंबं कशाला करशील? ओल्या-कोरड्याचं तेव्हा का सांगितलं नाहीस? की सांगितलंस आणि मला आठवत नाही?

तिसऱ्या दुर्बिणीतला केस दहा मिनिटांत लोंबला.

मी हे अजून कुणाशी बोललेले नाही. बाबांशी बोलणार होते, पण सर्दी झाली होती. सर्दी खरी होती, पण बोलता येत नव्हतं इतकी नव्हती.

चिमटी


शनिवार, १५ तारीख

काका,

काल दुपारी बोलले. दुकान बंद करून, जेवायच्या आधी. जसं झालं तसं लिहिते, मी त्यात शहाणी दिसत नाही.

मी म्हटलं, “बाबा, मास्तरांच्या दुर्बिणीत केस आहे.”

“असेल.”

“कोरडा लावलाय. आणि खालच्या खणातल्या दुर्बिणीतही कोरडाच.”

बाबांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, “ओला कसा लावतात?”

त्यांना खरंच माहीत नव्हतं, काका. मी सांगितलं. बशी, पाणी, खिळे. ते अगदी लक्ष देऊन ऐकत होते, नवीन भिंगाची माहिती ऐकतात तसे. मग म्हणाले, “हे मला कधी सांगितलं नाही त्यानं.” आवाजात तक्रार होती. तुझ्याबद्दलची.

आतून आई म्हणाली, “भांडायचं तर जेवून भांडा. उपाशीपोटी दोघंही खोटं बोलता.”

कुणी उठलं नाही. बाबा बोलत राहिले. खालच्या खणातली ती दुर्बीण आली तेव्हा तार मिळत नव्हती. गिऱ्हाईक चार खेपा घालून गेलं होतं. तू दर गुरुवारी माल आणायला जायचास, त्या गुरुवारी ते तुझ्या टेबलावर बसले. “मी म्हटलं जमतं का बघू. जमला की! पहिल्याच खेपेला जमला.” अजूनही त्यांना त्याचं कौतुक आहे. स्क्रूच्या खाचा खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी पेचकसाच्या पात्याला कापड गुंडाळलं होतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

“आणि न उघडलेली म्हणून विकलीत.”

“एक कडं तर सोडवलं होतं. त्याला काय उघडणं म्हणतात?”

“मग क्लबात काकाचं नाव का घेतलंत?”

“मी?” ते माझ्याकडे बघत राहिले. “मी कुठे नाव घेतलं? मी फक्त विचारलं. नाव तू घेतलंस.”

काका, ते खरं आहे. त्यांनी नाव घेतलं नाही. त्यांना माहीत होतं की मी खोटं बोलत नाही, म्हणून त्यांनी असा प्रश्न काढला ज्याचं खरं उत्तर तुझ्यावर जाईल. की असं त्यांनी ठरवलं नव्हतं, नुसतं घाबरून तोंडाला आलं ते विचारलं? मला सांगता येत नाही. वरचं वाक्य मी खोडत नाही, पण ते सिद्ध झालेलं नाही असं समज.

मग आम्ही जेवलो. आई वाढताना म्हणाली, “तो तिकडे घड्याळं दुरुस्त करतो. जगतोय. त्याला आता यातून काय मिळणार? आणि आपल्याकडे मात्र उद्यापासून उणीदुणी काढणाऱ्या लोकांची रांग लागेल.” तिला सगळं आधीपासून माहीत होतं की काल कळलं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हात धुताना बाबांनी मार्ग सुचवला. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. “आता तार मिळते ना? आठ दिवस आहेत. नवी तार लाव, बंद कर. दमट हवेत भिंगावर वाफ धरली होती म्हणून सांग. कागद तुझा, सही तुझी, फुली तारेची. कुणाचं काय बिघडलं?”

मास्तरांना कळणार नाही. घेणाऱ्याला कळणार नाही. या शहरात ते ओळखू शकेल असं दुसरं कुणी नाही.

मी चकती टेबलावर घेतली. तारेचं रीळ काढलं. तार चिमट्यात धरली. हे लिहायलाच हवं, म्हणून लिहिते. किती वेळ धरून होते माहीत नाही, पण चहा निवला होता.

तार परत रिळावर गुंडाळली आहे. चकती डबीत आहे. कुठलीच गोष्ट अजून केलेली नाही.

चिमटी


गुरुवार, २० तारीख

काका,

तुझं दुसरं कार्ड परवा सकाळी आलं. ‘तुला कळलं, पुरे. दुकान चालू दे. दादाला जप.’

पहिल्यांदा वाचून मला खूप हलकं वाटलं. ज्याचं नुकसान झालं तोच म्हणतो पुरे, मग मी कोण? दुपारपर्यंत मी त्या हलकेपणात होते. मग मला तो आवडेनासा झाला. तू मला सोडतो आहेस ते मी तुला जेवढं सांगितलं तेवढ्यावरून. आणि मी तुला पूर्ण सांगितलेलं नाही.

४ तारखेच्या पत्रात मी लिहिलं की बिलावरचं साल मी चुकून छापील वाचलं. शाईचं साल ठसठशीत आहे. बाबांचं अक्षर मी कुठेही ओळखते. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पाहिलं आणि छापील साल लिहिलं. तुझ्या काळातली विक्री ठरली की सगळं जागच्या जागी बसत होतं, नवीन कुणाला काही विचारावं लागत नव्हतं.

आणि हे. तू गेल्यावर दोन वर्षांनी, मी तेरा वर्षांची असताना, शाळेला निघाले होते. बाबा तुझ्या टेबलाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, “एक लांबसा केस दे बघू.” मी वेणीतून उपटून दिला. विचारलं नाही कशाला. मला माहीत होतं कशाला. दप्तरात घालायचं पुस्तक विसरलं म्हणून पुन्हा आत गेले तेव्हा टेबलावर बशी नव्हती, हेही मी पाहिलं. मास्तरांची दुर्बीण त्याच महिन्यातली आहे. मास्तरांनी ‘मान टाकलीय’ म्हटलं त्या क्षणी मला तो हात आठवला. आणि मी दुकानात जाऊन लेटरहेड काढलं आणि तुझ्याकडे खुलासा मागितला.

अकराव्या वर्षी मी जे बोलले ते खरं होतं आणि अपुरं होतं. अकरा वर्षांच्या मुलीकडून कुणी त्याहून जास्त मागणार नाही, हे मला मान्य आहे. २८ तारखेला मी चोवीस वर्षांची होते.

म्हणून तुझं ‘पुरे’ मला घेता येत नाही. रागावू नकोस.

काल मास्तरांकडे गेले. सगळं सांगितलं, केस उपटून दिल्याचंही. त्यांनी आधी नेहमीसारखी चेष्टा करून पाहिली, “म्हणजे मी अकरा वर्षं तुझ्या वेणीतून नेम धरत होतो म्हण की.” मी हसले नाही. मग म्हणाले, “यादीतून काढून टाकू. दुर्बीण आजारी आहे म्हणू. कशाला चव्हाट्यावर?”

मी म्हटलं, “काकाला चव्हाट्यावरच आणलं होतं.”

“खुर्चीत मी होतो,” म्हणाले. “दोन टिंबं नाहीत म्हणून तो ओरडून सांगत होता. मला पोरीचा एक शब्द पुरला.” त्यानंतर त्यांनी यादी काढली, माझ्यादेखत पहिल्या बोलीच्या वर पेन्सिलनं रेघ मारली आणि म्हणाले, “बोलायला पाच मिनिटं देतो.” मी पंचवीस मागितली. पाव तास तर केस लोंबायलाच लागतो. “वकिलीणबाई,” म्हणाले, “घे पंचवीस. खुर्च्या मी मोजून ठेवतो.”

बाबांनाही सांगितलं, आधी कळलेलं बरं म्हणून. ते म्हणाले, “माझ्या हयातीत?” मी म्हटलं, “हो.” त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आई बोलते, पण फक्त मीठ, पाणी, दार लाव, एवढंच. दुकानाचं काय होईल ते मला ठाऊक नाही. बहुतेक मूल्यांकनाचं काम बंद होईल, कारण आपल्याकडून ‘न उघडलेली’ म्हणून गेलेली प्रत्येक दुर्बीण लोक परत आणतील, आणि त्यांनी आणावीच. मी एकेक उघडून बघेन. सगळ्यांसमोर चकती सोडवताना चूक झाली तर काय, म्हणून मी चकत्या आधीच मोकळ्या करून नेणार आहे, काका.

तिन्ही दुर्बिणी नेणार. तीन बशा, टिपकागद, दिवा, मोठं भिंग. आधी माझा कागद फाडणार नाही, तो मास्तरांच्या हातात देऊन त्यावर ‘रद्द’ लिहायला सांगणार. मग चकत्या ओलीत ठेवणार आणि त्या पाव तासात बोलणार: कुणाची कुठली दुर्बीण, कोणी उघडली, केस कुणाचा, कुणी मागितला, कुणी दिला. मग एकेकाला उठून भिंगातून पाहायला लावणार. कुणाचं नाव मी प्रश्नात घालणार नाही. सरळ सांगणार.

तू आलास तर पुढच्या रांगेत बस. नाही आलास तरी मी बोलणार आहे. तुझ्या येण्यावर मी ते ठेवलेलं नाही. जादा टपाल लावलंय, पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल. थांब म्हणून कळवायला तुला वेळ उरू नये, हा हिशेब मी केला आहे, तोही सांगून टाकते.

क्लबचा मोठा हॉल. रविवार, २३ तारीख, सकाळी साडेनऊ.

चिमटी